२४ इंची मॉनिटर आणि हजार पौंडांचं कार्ड : हा हिशोब नक्की कोणाचा?



पोस्ट मोठी आहे, चहा टाकून मगच वाचायला बसा. काही जणांना राग येईल हे आधीच सांगून ठेवते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून हा विषय डोक्यात घोळतोय. पण ३१ जानेवारीपर्यंत इथे आमच्यासारख्या अकाउंटंट लोकांना सेल्फ असेसमेंटच्या गडबडीत मान वर करायला वेळ नसतो. ती तारीख गेली, दोन दिवस झोपले आणि आता लिहायला बसले.

झालं काय, तर हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने सांगितलं की मुलासाठी गेमिंग पीसी बांधतोय आणि त्यात जवळजवळ हजार पौंडांचं ग्राफिक्स कार्ड टाकतोय. "अगं, एकदाच घ्यायचं तर भारीच घ्यावं. पुढची सात-आठ वर्षं बघायला नको." मी विचारलं, मॉनिटर कुठला? "तो आहे की जुना, यांच्या ऑफिसातला. २४ इंची." आजूबाजूच्या चौघी-पाच जणींनी माना डोलावल्या. एकीने तर कार्डाचं नाव फोनमध्ये लिहूनही घेतलं.

तिळगूळ हातात होता, गोड बोलायचा दिवस होता, म्हणून मी गप्प बसले. आज गोड बोलणार नाही.

माझं म्हणणं एवढंच: १०८०पी मॉनिटरसाठी हजार पौंडांचं कार्ड घेतलं म्हणजे मुलावर माया केली असं होत नाही. आपण हिशोब करायचा कंटाळा केला, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो कंटाळा आपण मुलांच्या डोळ्यांदेखत करतो, ही जास्त महागात पडणारी गोष्ट आहे.

आधी माझीच चूक

मी शहाणी आणि बाकीचे वेडे, असं सांगायला आलेले नाही. गेल्या ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये मीही हेच केलं. मुलगा चौदाचा. पीसी पाच वर्षं जुना, सहा कोअरचा प्रोसेसर, घरातला जुना ६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. जुनं कार्ड दमलं होतं, बदलायला हवं होतं यात वाद नाही. दुकानात विचारायला गेले, तर काउंटरवरच्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला: बजेट किती? स्क्रीन कुठली, प्रोसेसर कुठला, मुलगा कुठले गेम खेळतो, यातलं काहीच नाही. घरी येऊन त्याने सांगितलेलं ५९९ पौंडांचं कार्ड ऑनलाइन मागवलं. चार्टर्ड अकाउंटंट बाई, क्लायंटच्या साठ पौंडांच्या टॅक्सीच्या पावतीवर दहा प्रश्न विचारणारी, आणि इथे सहाशे पौंड एका शब्दावर देऊन मोकळी.

कार्ड बसवलं. मुलाने गेम लावला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दाखवला. फ्रेम्स पर सेकंद म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आकडा दीडशेच्या वर होता. मी खूश. तो म्हणाला, "आई, पण मॉनिटर साठच दाखवतो. बाकीच्या मला दिसतच नाहीत."

मी म्हटलं, "मग तू आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंसच नाही. तू म्हणालीस, सरप्राइज आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑनलाइन खरेदी होती म्हणून चौदा दिवसांच्या आत परत करता आलं. बसवून वापरल्याबद्दल चाळीस पौंड कापले गेले. त्यात दुकानाची चूक नाही. बघण्यापुरतं हाताळण्यापलीकडे वस्तू वापरली तर कायद्याने तेवढं कापता येतं. ते चाळीस पौंड मी माझी ट्यूशन फी म्हणून खर्ची टाकले. त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघांनी बसून अभ्यास केला. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

अंथरूण म्हणजे मॉनिटर

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे अंथरूण म्हणजे मॉनिटर. त्याची लांबीरुंदी आकड्यात मांडता येते.

१०८०पी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी वर सुमारे ३६.९ लाख. ४के वर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमसाठी कार्डाला हे ठिपके रंगवायचे असतात. हजार पौंडांची कार्डं मुख्यतः त्या चौपट कामासाठी बनवलेली असतात. ती २०.७ लाख ठिपक्यांपुढे बसवली की बराच वेळ हात बांधून बसतात.

का बसतात? पुण्यात आर्टिकलशिप करत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एक सीनियर सर फाइली वाटून द्यायचे आणि आम्ही व्हाउचर तपासायचो. काम हलकं असलं की आम्ही पटापट संपवून सरांच्या पुढच्या फाइलची वाट बघत बसायचो. तेव्हा आणखी चार हुशार आर्टिकल्स भरती केले असते तर ऑडिट लवकर संपलं असतं का? नाही. फाइल सरांच्याच वेगाने येणार.

पीसीमध्ये प्रोसेसर म्हणजे ते सर आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे आर्टिकल. कुठला खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, पुढच्या फ्रेममध्ये काय काढायचं, हे प्रोसेसर ठरवतो आणि कार्ड ते रंगवतं. रिझोल्यूशन जितकं कमी, तितकं रंगकाम लवकर संपतं आणि कार्ड प्रोसेसरच्या तोंडाकडे बघत बसतं. म्हणूनच १०८०पी वर महागड्या कार्डाचा फायदा अर्ध्या वाटेत थांबतो. जुन्या प्रोसेसरच्या पीसीत तर आणखी लवकर.

त्यात मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठ चित्रंच दाखवणार. कार्डाने दोनशे बनवली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोचणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आणि १०८०पी म्हणजे काही गरिबी नव्हे. स्टीमच्या दर महिन्याच्या सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त लोकांची मुख्य स्क्रीन हीच असते, आणि सगळ्यांत जास्त वापरात असलेली कार्डं मधल्या ६० मालिकेतली असतात. जग जिथे खेळतंय तिथेच आपलं पोर खेळतंय.

पण स्वस्तातलं स्वस्तही नको

आता दुसऱ्या टोकाचे आईबाबा खूश झाले असतील. "बघ, मी म्हणतच होतो, दीडशेचं कुठलंही घ्या." थांबा. तिथेही खड्डा आहे आणि त्याचं नाव मेमरी.

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे कामाचं टेबल. फाइली टेबलावर मावल्या तर काम सरसर होतं. टेबल भरलं की प्रत्येक फाइलसाठी तळघरातल्या कपाटापर्यंत जिना उतरायचा. गेम अडखळतो, भिंती-चेहरे धूसर दिसतात. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट, व्हॅलोरंट, रॉकेट लीग असलं खेळणाऱ्याला ८ जीबीचं टेबल पुरतं. पण नवीन मोठे गेम उंच टेक्स्चरवर लावले तर १०८०पी वरसुद्धा ८ जीबी कमी पडायला लागलेत. आणि पीसी जुना असेल, मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३ चा असेल, तर तो जिनाही अरुंद. काही कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात, त्यांचे हाल जास्त.

कंपन्यांची चलाखी इथे आहे. एकाच नावाखाली दोन वेगळ्या मेमरीची कार्डं विकतात. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये आलं: ८ जीबी ३७९ डॉलर, १६ जीबी ४२९ डॉलर. आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आलं: ८ जीबी २९९, १६ जीबी ३४९. फरक पन्नास डॉलरचा, टेबल दुप्पट. खोक्यावर नाव एकच. एकाच नावाची दोन खाती आणि शिल्लक वेगवेगळी, असं क्लायंटच्या वहीत दिसलं तर मी पहिला फोन लावीन. इथे आपण बिनधास्त "टू कार्ट" दाबतो.

बाकीची दोन नावं तुमच्या कानावर येतीलच. आरटीएक्स ५०६० हे मे २०२५ चं, २९९ डॉलर, ८ जीबीच. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ चं, २४९ डॉलरमध्ये १२ जीबी. ऐकायला छान, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं आणि रीसाइझेबल बार ही सोय मदरबोर्डात चालू असावी लागते. म्हणजे ज्यांचा पीसी जुना आहे त्यांनाच स्वस्त म्हणून ते आवडणार आणि त्यांनाच ते कमी उपयोगी.

या सगळ्या बाजारात आल्या तेव्हाच्या अमेरिकन किमती आहेत. त्यात तिथला सेल्स टॅक्स नसतो. इथल्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, म्हणून डॉलरचा नुसता पौंड करून "इथे लुटतात" म्हणू नका. शिवाय गेल्या वर्षाच्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत, तेव्हा विकत घ्यायच्या दिवशीचा भाव बघा.

बनवलेल्या फ्रेम म्हणजे न वटलेला चेक

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाच्या प्रमुखांनी, जेन्सन हुआंग यांनी, सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे आधीच्या ४०९० च्या तोडीचं काम करेल. ४०९० बाजारात आलं होतं १,५९९ डॉलरला. टाळ्या पडल्या. आमच्या व्यवसायात असं वाक्य ऐकलं की आम्ही तळटीप शोधतो. तळटीप अशी की हा आकडा एआयने मधे घातलेल्या फ्रेम धरून होता. चार फ्रेममध्ये खरी एक, बनवलेल्या तीन.

बनवलेली फ्रेम डोळ्यांना गुळगुळीत वाटते, खोटं नाही. पण मुलाने दाबलेलं बटण त्या फ्रेममध्ये मोजलं जात नाही. पुस्तकात नफा दिसतो, बँकेत पैसे येत नाहीत, तसं. शिवाय मुळातल्या खऱ्या फ्रेम पुरेशा असल्या तरच ती सोय बरी चालते.

अपस्केलिंगचंही तसंच. डीएलएसएस क्वालिटी मोडवर १०८०पी गेम खरं तर ७२०पी वर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. ४के वर ही युक्ती छान जमते, कारण मुळात ठिपके भरपूर असतात. कमी रिझोल्यूशनवर माल आधीच थोडा, त्यात पाणी घातलं की पातळपणा लवकर कळतो. तेव्हा जाहिरातीतला आलेख दिसला की खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा.

"एकदाच घेऊ, पुढे कामाला येईल"

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. आपल्या आईवडिलांनी स्टीलची भांडी अशी घेतली, कपाट असं घेतलं, ते बरोबरच होतं. कपाटाला घसारा नावापुरता असतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कपाट नव्हे.

दोन उदाहरणं देते. २०१८ साली आरटीएक्स २०८० टीआय आलं, कंपनीचं स्वतःचं मॉडेल १,१९९ डॉलरला. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, ४९९ डॉलरचं ३०७० आलं आणि साधारण तेवढंच काम करायला लागलं. सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० आलं ६९९ डॉलरला, ३२० वॉट खाणारं. एप्रिल २०२३ मध्ये ५९९ डॉलरचं ४०७० साधारण तेच काम २०० वॉटमध्ये करत होतं, आणि मेमरी १० ऐवजी १२ जीबी. म्हणजे "पुढची आठ वर्षं" म्हणून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला पुढची दोन-तीन वर्षंच मिळाली.

माझा सल्ला साधा आहे. आज स्क्रीनपुरतं तीनशेचं घ्या. उरलेले सातशे बाजूला ठेवा. चार वर्षांनी गरज पडली तर तेव्हाचं तीनशे-चारशेचं घ्या. दोन कार्डं घेऊनही पैसे उरतील आणि दुसरं कार्ड चार वर्षांनी नवं असेल.

कोणी म्हणेल, "२०२१ मध्ये कार्डं मिळतच नव्हती, तेव्हा ज्याने आधी भारी घेतलं तो जिंकला." खरं आहे. महामारी, चिपांचा तुटवडा, वर क्रिप्टोवाले. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली तेव्हा कार्डांवरचं त्याचं मायनिंग संपलं. पण तसा तुटवडा पुन्हा कधी येईल हे ओळखून आज सातशे पौंड जास्त टाकणं म्हणजे सट्टा. सट्टा करायचा तर सट्टा म्हणून करा, मुलाच्या वाढदिवसाच्या नावावर लावू नका.

"पुढे ४के मॉनिटर घेऊच की." मग तेव्हा कार्डही घ्या. "तो पुढे थ्रीडी किंवा एआय शिकणार आहे." आज खरोखर ब्लेंडर उघडून काही बनवत असेल तर हिशोब वेगळा. मग मेमरी जास्त हवी, आणि त्या कामासाठी एनव्हिडियाची कुडा प्रणाली उपयोगी, हे मान्य. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या "पुढे" या शब्दावर आपण किती क्लासेस लावून सोडून दिलेत ते आठवा. आमच्या घरात एक गिटार आणि एक कीबोर्ड धूळ खात पडलेत.

आणि विजेचं बिल. ३६० वॉटचं कार्ड आणि १६० वॉटचं कार्ड, दोन्ही पूर्ण भाराने रोज दोन तास चालली तर वर्षाला १४६ युनिटचा फरक पडतो. युनिट सुमारे २६ पेन्स धरलं तर ३८ पौंड. फार नाही, पण दरवर्षी आहे. मोठ्या कार्डाला मोठा पॉवर सप्लाय लागतो तो वेगळाच.

मग आपण असं करतो का?

आता जरा मनातलं.

इथे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो. कॅमडेनच्या आमच्या फ्लॅटला अंगण नाही. आमच्या लहानपणी संध्याकाळी वाड्यात पंधरा पोरं असायची, बोलवायलाही लागायचं नाही. माझ्या मुलाला इथे मावशी नाही, आत्या नाही, चुलत-मावस भावंडं नाहीत. आणि त्याला इथे आणायचा निर्णय त्याचा नव्हता, आमचा होता. ५९९ चं बटण दाबताना माझ्या डोक्यात पिक्सेल नव्हते, हे होतं. आपण जे तोडलं त्याची भरपाई करत होते. हळदीकुंकवात माना डोलावणाऱ्या बायकाही, मला वाटतं, तेच करत होत्या. आणि थोडंसं हेही होतं की अमक्याकडे आलं, आपल्याकडे का नको.

पण मुलाला नक्की काय हवंय ते बघा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो हेडसेट लावतो. तेव्हा पुण्यात साडेअकरा वाजलेले असतात. पलीकडे माझ्या बहिणीचा मुलगा असतो, जुन्या लॅपटॉपवर, सगळी सेटिंग्ज लो करून. मागून बहिणीचा आवाज येतो, "आता झोपतोस की नाही?" दोघं मराठीत भांडतात, हो, मराठीत! रविवारच्या मराठी शाळेत तोंड न उघडणारा माझा मुलगा तिथे "अरे मागे बघ ना गाढवा" असं अस्खलित ओरडतो. आणि जिंकतो बहुतेक वेळा लो सेटिंगवाला भाचाच.

त्याला हे हवंय. यातलं काहीही हजार पौंडांच्या कार्डाने वाढत नाही.

म्हणून "गेम म्हणजे पोरगं वाया गेलं" म्हणणाऱ्यांचाही मला तेवढाच राग येतो. मी स्वतः एकदा हे पाप केलंय. प्रिमरोझ हिलकडे फिरायला जाताना १०, किंग हेन्रीज रोड हे घर लागतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहून शिकत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. तिथे उभी राहून मी मुलाला म्हटलं, "ते किती काटकसरीत शिकले, आणि तुला कार्ड हवंय." तो शांतपणे म्हणाला, "आई, मग तू रात्री सिरियल का बघतेस?" मी पुन्हा कधी तसं बोलले नाही. थोर माणसांची काठी करून पोरांना मारू नये. त्यात पोरगंही सुधारत नाही आणि थोर माणूसही त्याला नकोसा होतो.

खेळू द्या. वेळ ठरवून द्या आणि खेळू द्या. फक्त हिशोबात त्याला बसवा.

आम्ही शेवटी काय केलं

मुलाला सांगितलं, परत आलेले ५५९ पौंड तुझे. कार्ड तू ठरव, पण मला ऑडिट फाइल दे. त्याने स्प्रेडशीट बनवली. मी त्याला पाच प्रश्न दिले होते, ते तुम्हालाही देते:

१. मॉनिटर किती रिझोल्यूशनचा आणि किती हर्ट्झचा? मागचं लेबल वाचा, अंदाज नको.
२. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्षात कुठले गेम खेळलास? खेळणार आहेस ते नको, खेळलास ते.
३. प्रोसेसर आणि मदरबोर्ड कुठला? स्वतंत्र परीक्षणांत तशाच प्रोसेसरबरोबर, १०८०पी वर, कार्ड किती खऱ्या फ्रेम देतं?
४. मेमरी किती? नावापुढचा जीबीचा आकडा लिहिल्याशिवाय भाव लिहायचा नाही.
५. पॉवर सप्लाय पुरतो का, आणि कार्ड डब्यात लांबीने मावतं का?

शेवटी त्याने १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी निवडलं, ३१५ पौंडांना. त्याचं कारण फाइलमध्ये लिहिलं होतं: सोळा लेन आहेत म्हणून आमच्या जुन्या बोर्डावर अडणार नाही, १६० वॉट आहे म्हणून पॉवर सप्लाय बदलायला नको. आणि मला कधीच सुचलं नसतं ते त्याने पुढे केलं. ११९ पौंडांना १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, १०८०पी चाच. साठ हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, याच्यावर ६.९ नी. सहाशेच्या कार्डाने जो फरक दिसला नव्हता तो सव्वाशेच्या आतल्या मॉनिटरने दिसला. मलासुद्धा!

उरले १२५. ते अजून त्याच्या खात्यात आहेत. कशावर खर्च करणार विचारलं तर म्हणतो, "गरज पडली की सांगतो." हे वाक्य ऐकायला मी ५९९ पण दिले असते.

जाता जाता कामाच्या गोष्टी

इथे ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलं तर मन बदलायला चौदा दिवस मिळतात, दुकानात घेतलं तर तो हक्क आपोआप नसतो. वस्तू सदोष निघाली तर तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, ते दुकानातल्या खरेदीलाही लागू. किंमत १०० पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्डने भरा. १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ मुळे विकणाऱ्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही.

आणि "अमेरिकेतून दादा येतोय, त्याच्याकडून मागवू" म्हणणाऱ्यांसाठी: विमानाने येताना सोबत आणलेल्या वस्तूंना ३९० पौंडांपर्यंतच सूट आहे. एकच वस्तू त्यावर गेली तर पूर्ण किमतीवर कर लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. वर बिघडलं तर इथला ग्राहक कायदा उपयोगाचा नाही. दादाला चितळ्यांची बाकरवडी आणायला सांगा.

मैत्रिणीलाही हे सगळं मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण त्याला प्रॉमिस केलंय." मी म्हटलं, प्रॉमिस पीसीचं केलंयस, हजार पौंडांचं नाही. तिने अजून ऑर्डर दिलेली नाही. आज संध्याकाळी ती मुलाबरोबर मॉनिटरच्या मागचं लेबल वाचणार आहे.

तुम्हीही वाचा. मग खाली लिहा तुमच्याकडे कुठला मॉनिटर निघाला ते. पटलं नसेल तर भांडा, मला आता एप्रिलपर्यंत वेळ आहे.